बाळाची छाती भरली? पाठ थोपटू नका, नाक मोकळं करा

विषाणूंमुळे झालेली सर्दी खाली उतरून ब्राँकिओलायटिस झाला की बाळाची छाती घरघरायला लागते आणि कोणीतरी सुचवतंच, "पाठ थोपटा, कफ सुटेल." या आजारात तो सुटत नाही. आरएसव्हीसारखे विषाणू फुप्फुसातल्या सर्वांत बारीक श्वासनलिका सुजवतात. सूज, मेलेल्या पेशी आणि चिकट स्राव यांनी वाट अडते. बाहेरून थापट्या मारून सूज कशी उतरणार? बाळ रडून दमतं तेवढं. डोकं खाली करून पालथं धरलं तर दूधही वर येतं. बालरोगतज्ज्ञांची संस्था अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्सनेही २०१४ मध्ये ब्राँकिओलायटिसमध्ये छातीची फिजिओथेरपी (कफ सुटावा म्हणून असं थोपटणं वगैरे) करू नका असंच सांगितलं.

पहिले काही महिने बाळ मुख्यतः नाकाने श्वास घेतं, त्यामुळे घरी करण्यासारखं काम नाकाशीच आहे. दूध पाजण्याच्या थोडं आधी ते करा. पोट भरल्यावर केलंत तर उलटी होईल.

हात धुऊन बाळाला उताणं ठेवा. ०.९ टक्के सलाइनचे (मिठाच्या तयार पाण्याचे) २-३ थेंब एका नाकपुडीत टाका आणि मिनिटभर थांबा, शेंबूड सैल होऊ द्या. शेंबूड ओढायचा रबरी बल्ब नाकापासून लांब असतानाच पूर्ण दाबा, टोक नाकपुडीच्या तोंडाशी टेकवा आणि बोटं हळूहळू सोडा. नेमकी चूक इथेच होते: टोक नाकात घालून मग बल्ब दाबला, तर हवेबरोबर शेंबूड आत ढकलला जातो. आलेला शेंबूड कागदी रुमालावर काढा, मग दुसरी नाकपुडी. शेवटी बल्ब साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन, आतून खळखळवून वाळवा. दिवसात ३-४ वेळा ओढणं पुरे. जास्त ओढलं की आतली त्वचा सुजते, कधी रक्तही येतं. मधल्या वेळी नुसते थेंब चालतात. घरी मीठ-पाणी कालवू नका, प्रमाण चुकतं. वाफ नको, भाजण्याचा धोका असतो. खोकल्याचं औषधही नको.

दूध कमी-कमी, पण वरचेवर द्या. एरवी तीन तासांनी ९० मिली पिणाऱ्या बाळाला दीड तासाने ४५ मिली झेपतं.

श्वास मोजायचे ते बाळ शांत असताना, झबलं वर करून, पोटाकडे बघत आणि पूर्ण ६० सेकंद. १५ सेकंद मोजून चारने गुणू नका. या वयात श्वासाची लय एकसारखी नसते. दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन ते बारा महिन्यांत ५० किंवा जास्त, म्हणजे श्वास जलद आहे, डॉक्टरांना दाखवा. दूध नेहमीच्या निम्म्यावर आलं, १२ तास लघवी झाली नाही किंवा तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस ताप आला, तरी दाखवाच. श्वास मध्येच थांबणं, ओठ-जीभ निळी पडणं, कण्हणं, बरगड्यांखाली खड्डे पडणं किंवा बाळ मलूल होणं दिसलं तर वाट न बघता हॉस्पिटल गाठा.

फिजिओथेरपी कधीच नाही, असंही नाही. स्नायू दुबळे करणाऱ्या स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफीसारख्या आजारात खोकण्याची ताकदच कमी असते, तिथे तज्ज्ञ ती करतात. उच्छ्वासाच्या शेवटी छाती-पोटावर हळुवार दाब देण्याची एक पद्धतही आहे, पण ती प्रशिक्षित हातांनीच करायची.

त्रास साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वाधिक असतो. खोकला मात्र तीन आठवडेही रेंगाळतो. बाळ नीट पीत असेल आणि श्वास सहज चालत असेल तर तेवढ्यासाठी अँटिबायोटिक मागू नका, विषाणूवर ते चालत नाही.