सोळा अंकांचं चक्र: १७ पासून कोल्हापूरच्या पिनपर्यंत

०५८८२३५२९४११७६४७. या संख्येला १ ते १६ पैकी कशानेही गुणा, तेच सोळा अंक त्याच क्रमाने येतात. फक्त सुरुवात वेगळीकडून होते. ही संख्या पाठ करण्यापेक्षा स्वतः काढा. चौकटीची वही घ्या, म्हणजे अंक सरकणार नाहीत.

१ ला १७ ने भागायचं. दर वेळी बाकीवर शून्य चढवा, भागाकाराचा अंक वरच्या ओळीत लिहा आणि नवी बाकी त्याच्याच खाली. १० ला भाग जात नाही, म्हणून वर ०, खाली १०. १०० ला ५ चा भाग, बाकी १५. १५० ला ८ चा, बाकी १४. सोळाव्या पायरीला बाकी पुन्हा १ येते, तिथे थांबा. खालची ओळ अशी हवी:

१०, १५, १४, ४, ६, ९, ५, १६, ७, २, ३, १३, ११, ८, १२, १

१ ते १६ सगळ्या बाक्या, प्रत्येक एकदाच. एखादी मध्येच दुसऱ्यांदा आली तर आधीची एखादी वजाबाकी चुकली आहे.

सगळी गंमत या ओळीत आहे. ७ ने गुणायचं? बाकी ७ शोधा आणि तिच्या पुढच्या घरातल्या वरच्या अंकापासून गोल वाचा: ४११७६४७०५८८२३५२९. गुणाकार करावाच लागत नाही!

आठवी बाकी १६, म्हणजे १७ ला एक कमी. त्यामुळे पुढचे आठ अंक पहिल्या आठांचे ९ मधून उरलेले असतात: ०५८८२३५२ + ९४११७६४७ = ९९९९९९९९. अर्धाच भागाकार केला तरी भागतं.

सुरुवातीचं ० गाळलं की चक्र तुटतं. सर्वाधिक चुका इथेच होतात. दुसरी अडचण एक्सेलची. ते १५ च अंक राखतं, त्यामुळे वरच्या उत्तराचा शेवटचा ९ तिथे ० होतो. म्हणून आठ-आठ अंकांचे दोन तुकडे करा. उजवा: ९४११७६४७ × ७ = ६५८८२३५२९; शेवटचे आठ अंक ठेवा, हातचा ६. डावा: ५८८२३५२ × ७ + ६ = ४११७६४७०. आता जोडा.

१६ च्या पुढचा गुणकही चालतो. कोल्हापूर शहराचा पिन ४१६००१ घेऊ. गुणाकार येतो २४४७०६४७०५८८२३५२६९६४७. उजवीकडून सोळा अंक तोडा, डावीकडे उरलेले २४४७० त्यांत मिळवा: ६४७०५८८२३५२९४११७. चक्र परत आलं, कारण ४१६००१ ला १७ ने भागल्यावर बाकी ११ उरते, आणि बाकी ११ च्या पुढच्या घरातला वरचा अंक ६ आहे. गुणक १७ च्या पटीत असेल तर मात्र अशा बेरजेनंतर नुसते ९ उरतात.

प्रत्येक मूळ संख्येला असं एकच चक्र मिळत नाही. १३ ला ०७६९२३ हे सहाच अंक मिळतात, आणि त्याची दुप्पट १५३८४६ हे वेगळंच चक्र आहे. पुढे करून पाहायचं तर १९ घ्या (अठरा अंक), मग २३ (बावीस).