टायटल वनचे कागद: सही करण्याआधी काय विचारायचं

अमेरिकेत घर शोधताना शाळेच्या नावापुढे ‘टायटल वन’ दिसलं की आपली बरीच मंडळी पुढच्या गावाकडे गाडी वळवतात. आम्ही नाही वळवली. भाडं परवडत होतं आणि नवऱ्याचं ऑफिस जवळ होतं. आता मुलगी तिसरीत आहे आणि अधूनमधून कुणीतरी नवीन आलेली आई फोन करून विचारते, “ते टायटल वन म्हणजे नक्की काय गं?” तिला जे सांगते तेच इथे लिहिते आहे.

टायटल वन म्हणजे शाळांसाठीचा केंद्र सरकारचा पैसा. १९६५च्या शिक्षण कायद्यातून सुरू झाला. आत्ताचे नियम २०१५च्या ‘एव्हरी स्टुडंट सक्सीड्स अ‍ॅक्ट’चे. ज्या शाळांत कमी उत्पन्नाच्या घरातली मुलं जास्त, त्यांना तो डिस्ट्रिक्टकडून, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेकडून, मिळतो. शाळा वाईट आहे असा त्याचा अर्थ नाही. आणि मदत कुणाला द्यायची हे मुलाच्या अभ्यासावरून ठरतं, आईबापांच्या पगारावरून नाही. त्यामुळे “आपल्याला कशाला लागतंय ते” म्हणून बाजूला राहू नका.

आधी ऑफिसात विचारा की शाळा ‘स्कूलवाइड’ आहे की ‘टार्गेटेड असिस्टन्स’. निदान ४० टक्के मुलं गरीब घरातली असतील तर साधारणपणे शाळेला स्कूलवाइड होता येतं, म्हणजे पैसा सगळ्या शाळेसाठी वापरता येतो. टार्गेटेडमध्ये तो मागे पडलेल्या निवडक मुलांवरच खर्च होतो. तिथे सरळ विचारा: माझं मूल यादीत आहे का, आणि ते कशावरून ठरवलं?

माझी मुलगी पहिलीत असताना तिला वाचनासाठी छोट्या गटात बोलवायचे. छान होतं ते, पण कुठल्या तासाला? मी विचारलं तर कळलं की गणिताच्या. बाईंशी बोलून वेळ बदलून घेतली, पाच मिनिटांचं काम. टार्गेटेड शाळांना तर कायदाच सांगतो की मुलांना नेहमीच्या वर्गातून शक्य तितकं कमी बाहेर काढा. सोबत हेही विचारा की प्रगती कशी मोजता आणि पुढचा आकडा मला कधी कळेल.

वर्षाच्या सुरुवातीला दप्तरातून कागदांचा गठ्ठा येतो. आपण स्वयंपाक करता करता सगळ्यांवर सह्या ठोकतो. त्यात एक कागद ‘स्कूल-पॅरेंट कॉम्पॅक्ट’ नावाचा असतो. शाळा काय करणार, घरी तुम्ही काय करणार, मूल काय करणार, असं त्यात लिहिलेलं असतं. हा कागद शाळेने पालकांसोबत बसून बनवायचा असतो, आणि प्राथमिक शाळेत वर्षातून निदान एकदा पॅरेंट-टीचर कॉन्फरन्समध्ये त्यावर बोलणं व्हायला हवं. म्हणून कॉन्फरन्सला जाताना मी तो घेऊन जाते. ‘रोज २० मिनिटं वाचून घेऊ’ यावर माझी सही असेल, तर शाळेच्या बाजूच्या ओळींचं काय झालं हेही मला विचारता येतं. आपल्याला शिक्षकांना प्रश्न विचारणं उद्धटपणा वाटतो, पण इथे न विचारणाऱ्या पालकाला सगळं ठीक चाललंय असं धरून चालतात.

शिवाय वर्षातून एकदा टायटल वनची मीटिंग असतेच. ती घेणं शाळेवर बंधनकारक आहे. पालकांसाठी एकच गैरसोयीची वेळ न ठेवता सकाळी किंवा संध्याकाळीही मीटिंग ठेवाव्यात असं कायदा म्हणतो. आमच्याकडे ती दुपारी दोनला असायची. समोर पाच-सहा आया, त्यातल्या निम्म्या पीटीएच्याच, म्हणजे पालक-शिक्षक संघाच्या. आम्ही काहीजणींनी ईमेल करून संध्याकाळची मागितली, मिळाली.

त्या मीटिंगमध्ये माझा ठरलेला प्रश्न पैशाचा असतो. ज्या डिस्ट्रिक्टला टायटल वनचे ५ लाख डॉलरपेक्षा जास्त मिळतात, त्याने त्यातला निदान १ टक्का पालक-सहभागासाठी बाजूला ठेवायचा, आणि त्यातला कमीत कमी ९० टक्के शाळांपर्यंत पोचवायचा. तो कशावर खर्चायचा हे ठरवताना पालकांना विचारलंच पाहिजे. रक्कम फार मोठी नसते, पण मीटिंगच्या वेळी मुलं सांभाळायची सोय, येण्याजाण्याची गाडी, घरी गणित कसं घ्यावं याची कार्यशाळा, एवढं त्यातून करता येतं. कुणी विचारत नाही तोवर मागच्या वर्षीचंच पुढे चालू राहतं. आकडा विचारल्यावर समोरचे जरा सावरून बसतात, हा माझा अनुभव.

भाषेचं थोडं. प्रवेशाच्या वेळी ‘होम लँग्वेज सर्व्हे’ भरून घेतात. ईएसएलमध्ये (इंग्रजी नीट न येणाऱ्या मुलांच्या इंग्रजीच्या वर्गात) टाकतील या भीतीने तिथे ‘इंग्लिश’ लिहिणारे खूप. खरं ते लिहा, मराठी. मग मुलाची इंग्रजीची चाचणी होते. चांगली येत असेल तर प्रश्न तिथेच मिटतो. येत नसेल तर वर्ष सुरू झाल्यापासून ३० दिवसांत तुम्हाला लेखी कळवायला हवं, आणि तो कार्यक्रम नाकारायचा हक्क तुम्हाला आहे. (मी नाकारला नसता, पण हक्क आहे हे माहीत असलेलं बरं.) शक्य असेल तिथे माहिती तुम्हाला कळेल अशा भाषेत मिळायला हवी. बरेचदा आपल्याला हिंदीचा दुभाषी देतात. तो चालणार नसेल तर आधीच सांगा, आणि मुलालाच दुभाषी करू नका. स्वतःच्या तक्रारींचं भाषांतर तो सोयीने करतो!

शिक्षकाची पात्रता, राज्याचं सर्टिफिकेट, याबद्दल तुम्ही मागाल तेव्हा माहिती मिळते. सलग ४ आठवडे किंवा जास्त काळ सर्टिफिकेट नसलेला शिक्षक वर्ग घेत असेल तर शाळेने स्वतःहून कळवायचं असतं. बदली म्हणून आलेली सब्स्टिट्यूट बाई बरेच दिवस राहिलेली दिसली तर हे आठवा.

एक वेगळी वाट लक्षात असू द्या. मुलाला शिकण्यात काही अडचण, अपंगत्व असावं असं वाटत असेल, तर टायटल वनच्या बाईंच्या भरवशावर थांबू नका. स्पेशल एज्युकेशनची तपासणी वेगळ्या कायद्याखाली होते आणि ती तुम्ही लेखी मागू शकता.

बरीच कामं बोलून होतात, पण बोलल्यावर त्याच दिवशी दोन ओळींचा ईमेल टाकत जा: आज असं ठरलं, बरोबर ना? वसंतात बहुतेक शाळा पुढच्या वर्षाचा आराखडा बनवायला घेतात, तेव्हा पालकांची सर्व्हे येते, ती भरा. स्कूलवाइड शाळेचा आराखडा पटला नाही तर आपलं म्हणणं लेखी द्या. आराखडा डिस्ट्रिक्टकडे जाताना पालकांच्या अशा हरकती त्याला जोडून पाठवणं शाळेला भाग आहे.