मूळ गावी जायचंय? आधी गुरवांना फोन, मग तिकीट

इंदूरच्या मराठी घरांत मूळ गावाचा विषय निघाला की ठरलेली वाक्यं येतात. "यंदा जमवूच." "पोरीचं लग्न होऊन जाऊ दे." "रिटायर झालो की निवांत जाऊ." माझ्या वडिलांनी ही तिन्ही वापरून झाली आणि गुहागर तालुक्यातलं आपलं गाव न बघताच ते गेले. मी शाळेत भूगोल शिकवत होते. पोरांकडून कोकणचा नकाशा जन्मभर भरून घेतला, पण आमच्या वाडीचं नाव मलाही ठाऊक नव्हतं. निवृत्तीनंतर आम्ही दोघं, माझी चौऱ्याऐंशी वर्षांची आत्या आणि भाचा असे एकदाचे जाऊन आलो. होळकर, शिंदे, पवार, गायकवाड यांच्या चाकरीपायी ज्यांचे पूर्वज इकडे आले आणि इकडचेच झाले, त्यांच्यासाठी हे लिहिते.

बहुतेकांचं घोडं अडतं ते सुरुवात तिकिटापासून केल्यामुळे. सुट्टी, आरक्षण, हॉटेल ठरतं आणि गावात पोचल्यावर कळतं की देऊळ कुलूपबंद आहे, किल्ली गुरवांकडे आणि गुरव लेकीकडे पुण्याला. म्हणून आखणी शेवटच्या टोकाकडून करा. गावात त्या दिवशी कोण असेल, देऊळ कोण उघडेल, घराची जागा कोण दाखवेल, हे आधी. रेल्वे सगळ्यात शेवटी.

गाव नक्की कुठलं?

आडनावात गाव दडलेलं असलं तरी त्यावर विसंबू नका. एकाच नावाची गावं दोन-तीन तालुक्यांत सापडतात. घरातला जुना पत्र्याचा डबा काढा. मुंजीच्या आणि लग्नाच्या पत्रिका, शाळेचे दाखले, पोस्टकार्डं. पोस्टकार्डावरचा मजकूर नंतर वाचा, आधी शिक्का बघा. पोस्ट कुठलं, तालुका कुठला, हे तिथेच मिळतं. जिल्हा मात्र जपून वाचा. 1981 साली रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला, त्यामुळे जुन्या कागदावर 'जि. रत्नागिरी' असलं तरी गाव आज सिंधुदुर्गात असू शकतं. 'जि. कुलाबा' लिहिलं असेल तर ते आजच्या रायगडात शोधा.

मग घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसा, आणि हे याच आठवड्यात करा. "काही आठवतंय का?" असं विचारलं तर "काही नाही गं" एवढंच उत्तर येतं. नेमकं विचारा. कुलदैवत कोणतं? बोडणाला, गोंधळाला किंवा कुळाचाराला कुठली नावं घ्यायचे? गावाहून कोण यायचं आणि येताना काय आणायचं? आत्याला गावाचं नाव सांगता येईना. पण "वेळणेश्वराचा अंगारा पाकिटातून यायचा, आणि पाठवणाऱ्याचं घर वरच्या वाडीत होतं," एवढं तिने सहज सांगितलं. कोकणात गाव सापडून भागत नाही, वाडी सापडावी लागते. एकेका गावात वाड्या डोंगरभर पसरलेल्या असतात.

कोकणस्थांच्या पुष्कळ घराण्यांचे कुलवृत्तांत छापलेले आहेत. आपल्या आडनावाचा आहे का, हे नात्यातल्या हौशी माणसाला विचारा. असा एक माणूस प्रत्येक घराण्यात असतोच, आणि त्याला कोणी विचारत नाही म्हणून तो वाटच बघत असतो. देशावरच्या, विशेषतः कोल्हापूर-सांगलीकडच्या घराण्यांनी हेळव्यांचा माग काढावा. वंशावळी सांभाळणं हाच त्यांचा पिढीजात व्यवसाय. मोडी कागद निघाले तर फेकू नका, लॅमिनेशनही करू नका. सरळ उजेडात फोटो काढा आणि मोडी वाचणाऱ्याकडे पाठवा. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाच्या वर्तुळात चौकशी केली तर वाचणारे भेटतात.

सातबारा: बघा, पण मिरवू नका

महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव निवडून नावानेही सातबारा शोधता येतो. डिजिटल सहीचा उतारा पंधरा रुपयांत मिळतो. काही जिल्ह्यांचे जुने फेरफार आणि हक्कनोंदी स्कॅन करून ठेवलेल्या आहेत, त्यात पणजोबांचं नाव दिसलं की अंगावर काटा येतो. मात्र दोन गोष्टी समजून घ्या. कोकणात सामाईक जमिनीच्या एकाच उताऱ्यावर नावांची भली मोठी रांग असते, तेव्हा आपलं नाव नसण्यात काही विशेष नाही. दुसरं म्हणजे कूळकायदा. 1 एप्रिल 1957 हा कृषकदिन. त्या दिवसापासून कसणारी कुळं जमिनीची मालक मानली गेली. आजोबा इंदुरात कारकुनी करत असताना शेत ज्याने कसलं, ते त्याचं झालं आणि ते रास्तच आहे. "आमची जमीन" हे शब्द गावात तोंडातून काढू नका. बाहेरगावचा माणूस पिशवीत उतारे घेऊन आला की गाव सावध होतं, आणि मग देऊळसुद्धा नीट दाखवत नाही. उतारा घरी बघायचा, वाडीचं आणि शेजाऱ्यांचं नाव टिपून घ्यायचं आणि कागद इंदुरातच ठेवायचा.

कधी जायचं

गणपतीत नाही. सगळे चाकरमानी त्याच गाड्यांत असतात, आणि गावात घर उघडं नसलेल्या माणसाचं तेव्हा तिथे कामही नसतं. शिमग्याला पालखी घरोघर फिरते, ते दृश्य खरोखर बघण्यासारखं, पण घर नसेल तर पालखी येणार कुठे? मे महिन्यात मुंबईकर मंडळी गावी असतात, माणसं भेटतात, आंबे मिळतात, पण म्हाताऱ्यांना तो घाम सोसत नाही. दिवाळी उरकल्यावर ते माघापर्यंतचा काळ सगळ्यात चांगला. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रकच वेगळं असतं. गाड्या हळू धावतात आणि दरडीचा घोर असतो.

तारीख ठरवण्याआधी गुरवांना फोन करा. नंबर गावच्या ग्रामपंचायतीतून मिळतो किंवा जवळच्या खानावळवाल्याकडून. अभिषेक, नैवेद्य, ओटी काय करायचं ते विचारा, साहित्य तिकडेच घ्यायचं ठरवा. त्यांना जमेल तो दिवस तुमचा दिवस.

आजोबांच्या वाटेने उलटं

आता रेल्वे. इंदूरहून रात्रीची अवंतिका एक्सप्रेस धरून मुंबई सेंट्रल, तिथून कोकण रेल्वे, ही सोपी वाट. आम्ही जाताना ती मुद्दाम सोडली. आजोबा ज्या वाटेने आले त्याच वाटेने उलटं जायचं ठरवलं. ते दाभोळहून आगबोटीने मुंबईला आले, तिथून जी. आय. पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेने कल्याण, नाशिक, भुसावळ करत खंडव्याला, आणि खंडव्याहून होळकरांच्या मीटरगेजने इंदूरला. ही लाइन व्हावी म्हणून दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी इंग्रज सरकारला एक कोटीचं कर्ज दिलं होतं. आज ती सलग उरलेली नाही. पातालपाणी ते कालाकुंड एवढा घाटाचा तुकडा हेरिटेज गाडी म्हणून 2018 पासून ठेवला आहे, तीही बारमाही चालतेच असं नाही. चालू आहे याची खात्री करून हा तुकडा वेगळ्या दिवशी, नातवंडांना घेऊन करा. मुख्य प्रवासात कोंबू नका. खंडव्यापर्यंत रस्त्याने जा आणि तिथून नाशिकरोडला दिवसाउजेडी पोचवणारी गाडी बघा.

नाशिकला उतरायचं कारण त्र्यंबकेश्वर. तिथल्या तीर्थोपाध्यायांकडे नामावळीच्या वह्या असतात, यात्रेला आलेल्या माणसांच्या नावांच्या. कुठल्या गावाचे, कुठल्या आडनावाचे यजमान कोणाकडे, हे वाटलेलं असतं. रस्त्यात भेटेल त्याच्या मागे जाऊ नका. दोन-तीन जाणत्यांना गाव आणि आडनाव सांगा, ते बरोबर घर दाखवतात. सकाळी नऊच्या आत किंवा दुपारी चारनंतर जा, मधल्या वेळात ते विधींत असतात. सिंहस्थाच्या गर्दीत, म्हणजे 2027 च्या आगेमागे, हा बेत नकोच.

आमचे उपाध्ये आत गेले आणि लाल कापडात बांधलेली वही घेऊन आले. उभट, हातभर लांब, पानांच्या कडा हळदीसारख्या पिवळ्या पडलेल्या. आधीची पानं मोडीत, मधूनच बाळबोध, म्हणजे देवनागरी, सुरू होते. ते गावाच्या नावावरून बोट फिरवत खाली आले आणि थांबले. शके 1860, म्हणजे इसवी सन 1938च्या सुमाराचं. आजोबांचं नाव, त्यांच्या वडिलांचं, आजोबांचं, तिघा भावांचं, खाली "हल्ली मुक्काम इंदूर" आणि सही. सहीतल्या 'र'ला दिलेला लांब फाटा आत्याने लगेच ओळखला. किराणाच्या यादीवर तो तसाच असायचा, म्हणाली. जाताना आपल्या पिढीची नावं लिहून न्या, मुलींची आणि सुनांचीसुद्धा, आणि ती लिहून घ्यायला सांगा. दक्षिणा आधी बोलून घ्या. फोटो विचारल्याशिवाय काढू नका.

नाशिकहून ठाण्याला मुक्काम करा. कसारा घाट दिवसा उतरेल अशी गाडी धरा. सदतीस फुटांत एक फूट असा चढ, 1865 पासून वाहता. ठाण्याचा फायदा असा की सकाळी मांडवी एक्सप्रेस तिथेच पकडता येते, म्हाताऱ्या माणसाला दादरच्या जिन्यांवरून न्यावं लागत नाही.

आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं. ज्येष्ठांची सवलत 2020 पासून बंद आहे, पण खालच्या बर्थचा कोटा आहे. तो एका तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असले तर लागू होतो. चौघांचं एकत्र तिकीट काढलं की आत्या वरच्या बर्थवर. दोन-दोनची वेगळी तिकिटं काढा.

मांडवीत खायला भरपूर येतं, डबे बांधायचा अट्टहास नको. रोह्यापासून कोकण रेल्वे सुरू होते. ही संपूर्ण लाइन 1998 साली सुरू झाली. आजोबांच्या काळी चिपळूणला गाडी हा विचारच नव्हता. खिडकीतून समुद्र दिसेल ही आशा सोडा. डोंगर, नद्या आणि बोगदेच आहेत. खेडच्या अलीकडे नातूवाडीचा बोगदा चार किलोमीटरच्या वर आहे. आमच्या भाच्याचं रेंज गेल्यामुळे तेवढ्यात बरंच बोलणं झालं.

चिपळूणला उतरून गुहागर. यष्टी आहे, पण सामान आणि म्हातारं माणूस असेल तर गाडी करा. मुक्काम गुहागरात घरगुती खानावळीत ठेवा, भाऊबंदांकडे नको. त्यांना आदरातिथ्याचा भार आणि आपल्याला अवघडलेपण.

गावात पहिल्यांदा देवळात जा. गुरव गाऱ्हाणं घालतात. त्या वेळी इंदूरचं नाव घ्यायला त्यांना आवर्जून सांगा. तिथे चार माणसं जमतात, त्यांतलाच कोणीतरी घराच्या जागेवर नेतो. आमचं घर उरलेलं नाही. जांभ्याचं जोतं, अर्धं बुजलेली विहीर आणि फणस, एवढंच. दाखवणारे काका म्हणाले, "ताई, हा फणस तुमचा, पण खातात वानर." मापं काढत बसू नका, फोनवर जागेची खूण करून ठेवा. भेटलेल्या माणसांची नावं आणि नाती त्याच संध्याकाळी वहीत लिहा, दुसऱ्या दिवशी दोन काकांची अदलाबदल होते. न्यायला इंदूरची शेव उत्तम. टिकते आणि सगळ्यांना वाटता येते.

एक दिवस मोकळा ठेवा आणि धोपाव्याहून फेरीबोटीने वाशिष्ठीची खाडी ओलांडून दाभोळला जा. आगबोटी कधीच बंद झाल्या, पाण्यावरचा एवढाच टप्पा हाताशी आहे. गाडीसकट जाता येतं. पलीकडे आदिलशाही काळातली मशीद आहे, जरूर बघा.

परतीला हौस नको. चिपळूण ते मुंबई, रात्री अवंतिका. मुंबईला दोन्ही गाड्यांत निदान चार-पाच तासांचं अंतर ठेवा, कारण कोकण रेल्वे मोठ्या भागात अजून एकेरी आहे आणि क्रॉसिंगला गाडी कितीही वेळ थांबते. घरी आल्यावर फोटोंच्या प्रिंट काढून गुरवांच्या आणि त्या काकांच्या पत्त्यावर पोस्टाने पाठवा. पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता पूर्ण लिहा, पिनकोडसकट.