कोंबडीच्या गर्भातल्या हाडाचे खनिज तपासताना या चुका टाळा

हाडातले खनिज म्हणजे कार्बोनेटयुक्त अ‍ॅपेटाइट, कॅल्शियम फॉस्फेटचा एक प्रकार. गर्भात ते नुकते बसू लागते तेव्हा स्फटिक अतिसूक्ष्म आणि विस्कळीत असतात, आम्लधर्मी फॉस्फेट जास्त असते. वय वाढते तसे हे फॉस्फेट घटते, कार्बोनेट वाढते, स्फटिकांची रचना सुधारते. कोवळे खनिज आम्लात पटकन विरघळते, आणि नमुने बहुतेकदा तिथेच बिघडतात.

दुकानातली अंडी सहसा फलित नसतात. उबवणी केंद्रातूनच आणा. ३७.५ अंशांवर ठेवा. तापमान थोडे कमी पडले तरी वाढ मागे पडते, म्हणून नुसते दिवस मोजू नका. गर्भाच्या बाह्य रूपावरून वाढ ठरवणारे हॅम्बर्गर-हॅमिल्टन यांचे १९५१ चे ४६ टप्पे वापरा. कवचाविना वाढवलेला गर्भ तुलनेला घेऊ नका. उबवणीच्या उत्तरार्धात बहुतेक कॅल्शियम कवचातूनच येते. ते नसेल तर हाडे कच्ची राहतात.

नमुने टिकवायच्या फॉर्मॅलिनमध्ये बफर (आम्लता रोखणारे क्षार) नसेल तर फॉर्मिक आम्ल तयार होते. त्याऐवजी ९५ टक्के अल्कोहोल वापरा. कूर्चा निळी रंगवणाऱ्या अल्शियन ब्लूच्या द्रावणात २० टक्के अ‍ॅसेटिक आम्ल असते. दहा-बारा दिवसांच्या गर्भाला एक रात्र पुरे. जास्त ठेवलात तर कूर्चा सुंदर निळी दिसते, पण हाडातले कॅल्शियम दाखवणाऱ्या अलिझारिनचा लाल रंग चढत नाही आणि ‘हाड अजून तयार झालेले नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. बाराव्या दिवशी टिबियाच्या (नडगीच्या हाडाच्या) मध्यभागी लाल पट्टा नसेल, तर त्याच खेपेतला दुसरा गर्भ फक्त अलिझारिनने रंगवा. पट्टा उमटला तर दोष आम्लाचा.

सर्वांत महागात पडते ती चूक म्हणजे अख्खे हाड एकत्र कुटणे. खनिज आधी मध्यभागी बसते आणि टोकांकडे सरकते. एकाच टिबियात जुने आणि ताजे खनिज शेजारी असते. एकत्र कुटल्यावर मिळणारी सरासरी कोणत्याच वयाची नसते. मधला भाग आणि टोके वेगळी कापा.

मुंबईच्या पावसाळ्यात इन्फ्रारेड वर्णपट घेताना नमुना ज्यात मिसळतात ते पोटॅशियम ब्रोमाइड हवेतले पाणी ओढून घेते. वर्णपटात पाण्याचा १६४० सेमी⁻¹ च्या आसपासचा पट्टा प्रथिनाच्या अमाइड-१ पट्ट्यावर चढतो, खनिज-प्रथिन गुणोत्तर घटते आणि पक्व हाड कोवळे भासते. ब्रोमाइडची भुकटी ११० अंशांवर वाळवून सिलिका जेलसोबत ठेवा. हाडाला मात्र ही उष्णता देऊ नका. ते गोठवून वाळवा आणि थोडे थोडे, थांबत थांबत कुटा.