महाविद्यालयाची नोटीस सर्वांना वाचता यावी म्हणून
परभणी असो वा लातूर, परीक्षेची नोटीस सही-शिक्क्यासह स्कॅन करून व्हॉट्सॲपवर टाकण्याची पद्धत आधी बंद करावी. ते नुसते चित्र असल्याने एनव्हीडीएसारख्या स्क्रीन रीडरला (पडद्यावरचा मजकूर अंध व्यक्तीला वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला) त्यातला मजकूर सहसा वाचता येत नाही. मूळ मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षराला स्वतःचा संकेतांक देणाऱ्या प्रमाण पद्धतीतच, टंकित करावा. कृतिदेव या युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमधील ‘परीक्षा’ हा शब्द पडद्यावर व्यवस्थित दिसतो, परंतु आत इंग्रजी अक्षरे असल्यामुळे अंध विद्यार्थ्याच्या कानी ‘आय, जे, एच’ असे काहीतरी पडते (कार्यालयातील जुन्या फायली इथेच अडतात, म्हणून त्या मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या फॉन्ट परिवर्तकातून काढून एकदा ताडून पाहाव्यात). वर्डमध्ये शीर्षकाला केवळ ठळक न करता हेडिंगची शैली द्यावी आणि पीडीएफ तेथूनच जतन करावी. आकृतीला आशय सांगणारा पर्यायी मजकूर जोडावा, व्याख्यानांच्या चित्रफितींना मराठी उपशीर्षके द्यावीत, आणि अक्षरे व पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील फरकाचे प्रमाण (कॉन्ट्रास्ट) किमान ४.५ : १ ठेवावे.