पहिला शेअर घेण्याआधी: सांगलीकरांसाठी तयारीची यादी

मोबाईलवर ॲप उतरवण्याआधी घरातली जुनी ट्रंक उघडा. सांगलीत हे मुद्दाम सांगावं लागतं. १९१६ सालची आपली सांगली बँक २००७ मध्ये आयसीआयसीआय बँकेत विलीन झाली, तेव्हा सांगली बँकेच्या ९२५ शेअरमागे आयसीआयसीआयचे १०० असं प्रमाण ठरलं होतं. किर्लोस्करवाडीला नोकरी केलेल्या आजोबांच्या फायलीतही एखादं सर्टिफिकेट निघू शकतं. असा कागद सापडला तर रद्दीत घालू नका, आणि कौतुकाने लॅमिनेटही करू नका. सलग सात वर्षं लाभांश कोणी उचलला नाही, तर तो लाभांश आणि त्यामागचे शेअर सरकारच्या आयईपीएफ या निधीत जातात. तिथून वारसांना अर्ज करून ते परत मागता येतात. चिकाटी मात्र लागते. एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर विकायचा असेल तर आधी तो डीमॅट करावा लागतो, म्हणजे कागद जमा करून तीच मालकी संगणकावरच्या नोंदीत आणायची.

आता स्वतःची कागदपत्रं. पॅन, आधार, बँकेचं पासबुक किंवा रद्द केलेला चेक. तिन्हीकडे नाव एकसारखं हवं. एकीकडे वडिलांचं नाव पूर्ण आणि दुसरीकडे नुसतं आद्याक्षर असेल तर अर्ज तिथेच अडतो. आधारला जोडलेला मोबाईल नंबर चालू आहे ना, हे आधी बघा. घरातल्या बायकांच्या आधारला बहुतेक वेळा मुलाचा किंवा नवऱ्याचा नंबर असतो, आणि मग प्रत्येक ओटीपीला त्याला फोन लावावा लागतो. पतसंस्थेचं खातं इथे उपयोगाचं नाही, बँकेचंच लागतं. नॉमिनीचं नाव त्याच बैठकीत भरून टाका.

खाती दोन निघतात आणि नवख्यांचा घोळ इथेच होतो. ट्रेडिंग खातं ब्रोकरकडे असतं, त्यातून खरेदी-विक्रीची ऑर्डर जाते. डीमॅट खात्यात शेअर राहतात, आणि त्यांची नोंद एनएसडीएल किंवा सीडीएसएल या डिपॉझिटरीकडे असते. म्हणजे ब्रोकरने उद्या दुकान बंद केलं तरी डीमॅटमधले शेअर तुमचेच. उलाढाल थोडीच असणार असेल तर बेसिक डीमॅट खातं मागा. ४ लाख रुपयांपर्यंतच्या शेअरवर त्याला वार्षिक शुल्क नाही. कोणी आपणहून हे सांगत नाही.

शब्दांपैकी सेन्सेक्स (३० कंपन्या) आणि निफ्टी (५० कंपन्या) बातम्यांतून आपोआप कळतात, त्यावर वेळ घालवू नका. त्यापेक्षा मार्केट कॅप, म्हणजे कंपनीच्या सगळ्या शेअरची मिळून किंमत, नीट समजून घ्या. १०० रुपयांचा शेअर स्वस्त आणि ५०० चा महाग, असं नसतं. १०० वाल्या कंपनीचे १० कोटी शेअर असतील तर तिची किंमत १,००० कोटी. ५०० वालीचे एकच कोटी असतील तर ५०० कोटी, म्हणजे निम्मी. शेअर फुटला (स्प्लिट) किंवा बोनस आला, तरी मालमत्ता वाढत नाही. नोटेची मोड होते, एवढंच. लाभांश हवा असेल तर रेकॉर्ड डेटच्या (त्या दिवशी ज्यांच्या नावावर शेअर, त्यांनाच लाभांश) आदल्या कामकाजाच्या दिवसापर्यंत शेअर घेतलेला हवा, आणि लाभांशाइतका भाव साधारण खाली येतो हेही धरून चाला.

ऑर्डरच्या खिडकीपाशी मात्र थांबा. बाजार सव्वानऊला उघडतो, साडेतीनला बंद होतो. पैसे न लावता एक दिवस नुसतं बघत बसा. कुठलाही छोटा शेअर उघडलात की भावाखाली दोन रांगा दिसतील: डावीकडे घेणारे, उजवीकडे विकणारे. समजा, घेणारा ८२.१० म्हणतोय आणि विकणारा ८४.९०. इथे मार्केट ऑर्डर, म्हणजे मिळेल त्या भावाची ऑर्डर, टाकलीत तर ८४.९० ला घेतलात, आणि पहिल्या विकणाऱ्याकडे माल कमी असेल तर उरलेला त्याहून चढ्या भावाने. लिमिट ऑर्डर टाकलीत तर तुम्ही सांगितलेल्या भावाच्या वर एक पैसा जात नाही. फार तर सौदा होणार नाही. माझं मत विचाराल तर पहिली काही वर्षं लिमिटच वापरा. त्याच खिडकीत डिलिव्हरी (शेअर खात्यात ठेवायला) की इंट्राडे (त्याच दिवसापुरता) हेही विचारलेलं असतं. इंट्राडेवर बोट पडलं तर दिवस संपण्याआधी सौदा उलटवला जातो, मग भाव काहीही असो. लोअर सर्किट म्हणजे त्या दिवशी भाव याहून खाली जाणार नाही. पण तिथे घेणाराच नसतो, म्हणून विकताही येत नाही.

सौदा झाला की २४ तासांत कॉन्ट्रॅक्ट नोट येते. मार्केट यार्डात हळदीची पट्टी हातात आल्यावर अडत, हमाली, तोलाई किती कापली ते शेतकरी जसं बोट ठेवून वाचतो, तशी ही नोट वाचा. १०,००० रुपयांच्या डिलिव्हरी खरेदीवर एसटीटी (सौद्यावरचा सरकारी कर) १० रुपये आणि मुद्रांक शुल्क दीड रुपया. शिवाय दलाली, एक्स्चेंजचा आकार आणि त्यावर जीएसटी. विकताना एसटीटी पुन्हा लागतो, डीमॅटमधून शेअर बाहेर काढण्याचा डीपी चार्ज वेगळा. वर्षाच्या आत नफ्यात विकलात तर २० टक्के कर. त्यानंतर वर्षाला सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर साडेबारा.

वायदा हा शब्द यार्डातल्या माणसाला शिकवायला नको, हळदीचा वायदा होतोच. शेअरमधल्या वायद्याला आणि ऑप्शनला एफ अँड ओ म्हणतात. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत त्यात उतरलेल्या दर १०० वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ तोट्यात गेले. खातं उघडताना एफ अँड ओ सुरू करायचं का, अशी चौकट येते. ती रिकामी सोडा.

महिन्याला ठरावीक टक्के देतो म्हणून कोणी रोख मागत असेल, भले तो पाहुण्यांतला असो, त्याला सेबीचा नोंदणी क्रमांक विचारा आणि सेबीच्या वेबसाईटवर पडताळा. शेअरमध्ये हमखास परताव्याची हमी देण्याची परवानगी कोणालाच नाही. पैसे फक्त तुमच्या बँक खात्यातून ब्रोकरच्या नोंदलेल्या खात्यावर. तक्रारीसाठी सेबीचं स्कोअर्स पोर्टल आहे.

हे सगळं झालं की एकच शेअर घ्या. पुढच्या कामकाजाच्या दिवशी तो तुमच्या खात्यात जमा व्हायला हवा. ते ब्रोकरच्या ॲपवर न बघता सीडीएसएल किंवा एनएसडीएलच्या लॉगिनमध्ये जाऊन बघा.