पाय कापलेल्या मधुमेही माणसाला घरी आणण्याआधी

वॉकर, व्हीलचेअर, कमोडची खुर्ची, बाथरूममध्ये धरायला दांडे. हे कुणीही सांगेल. ड्रेसिंगचं सामानही दवाखान्यातून लिहून मिळतं.

कुणी सांगत नाही ते उरलेल्या, म्हणजे न कापलेल्या पायाचं. एक पाय ज्या बधिरपणामुळे आणि अरुंद झालेल्या रक्तवाहिन्यांमुळे गेला, ते सगळं दुसऱ्या पायातही असतंच, वर आता सगळा भार त्याच्यावर. मागच्या वेळी घर स्टंपभोवती (कापलेल्या पायाच्या राहिलेल्या भागाभोवती) फिरत राहिलं आणि उरलेल्या पायाची टाच गादीवर घासून काळी पडली, तेव्हा कुठे लक्ष गेलं. म्हणून डिस्चार्जच्या आधीच त्या पायाची तपासणी मागून घ्या: १० ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने (तळव्याला टोचून बघायचा नायलॉनचा धागा) संवेदना आणि रक्तपुरवठा, दोन्ही. घोट्याजवळ मोजलेल्या रक्तदाबाचा आकडा चांगला आला म्हणून निर्धास्त होऊ नका. मधुमेहात रक्तवाहिन्या कडक होतात आणि आकडा उगाच चांगला येतो. पायाच्या अंगठ्याचा रक्तदाब मोजतात का, विचारा. बूटही आधीच आणा, घरातसुद्धा अनवाणी नाही. झोपताना पोटरीखाली उशी द्या, टाच अधांतरी राहिली पाहिजे. तळवा आणि बोटांच्या बेचक्या रोज बघायच्या, आरसा धरून. त्वचेचं तापमान मोजायचं यंत्र घेणार असाल तर लक्षात घ्या, ते दोन पायांतला फरक बघायला असतं. इथे तुलनेला दुसरा पायच नाही. तेव्हा डोळे आणि हात.

स्टंपचं उलट. गुडघ्याखालून पाय कापला असेल तर गुडघ्याखाली उशी अजिबात नाही, कितीही मागितली तरी. गुडघा वाकलेलाच आखडतो आणि मग कृत्रिम पाय बसता बसत नाही. बँडेज इंग्रजी आठच्या आकड्यासारखं, टोकाशी घट्ट, वर सैल. फिजिओथेरपिस्टसमोर स्वतःच्या हाताने बांधून बघा, नुसतं पाहून येत नाही.

इन्सुलिनचा डोस नव्याने लिहून घ्या. जंतुसंसर्ग गेला की गरज बऱ्याचदा उतरते, जुनाच डोस चालू राहिला तर साखर एकदम खाली जाते.

रात्री झोपेत माणूस नसलेल्या पायावर उभा राहायला जातो आणि पडतो. दिवा, युरिनल, वॉकर हाताशी. नसलेला पाय दुखतो म्हणाले तर वाद घालू नका, ते दुखणं खरं असतं आणि त्यावर औषधं आहेत, डॉक्टरांना सांगा.

आणि हो, उरलेला पाय आज बघितला का? लालसर डाग, फोड, भेग, काहीही दिसलं तर त्याच दिवशी दाखवायचं, सोमवारची वाट बघायची नाही.

पुढचं थोडक्यात. तंबाखू बंद. रक्तदाबाच्या आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्या चुकवू नका, ही माणसं पुढे बऱ्याचदा हृदयाने जातात. कृत्रिम पाय जखम भरल्यावर आणि सूज उतरल्यावर. मांडीतून कापलेल्यांना चालायला फार जास्त ताकद लागते, सगळे चालतीलच असं नाही. स्टंप बारीक होतो, सॉकेट (कृत्रिम पायाची स्टंप बसवायची खोबण) सैल पडतं, तेव्हा बदलून घ्यावं लागेल.